कपाटाची किल्ली



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसानं घरात कोंडलं, मग नुसताच कंटाळा. आज लिहायचं कारण म्हणजे परवा आलेला माझ्या भाचीचा फोन. ती माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, हे नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहेच. शाळेत तिला 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणतात. आमच्या वेळी असलं काही बिरुद नव्हतं. फार तर 'बाईंना टीव्ही लावता येतो' एवढंच! तर तिला शिक्षण परिषदेत वीस मिनिटं बोलायचंय, विषय आहे 'वर्गात तंत्रज्ञान वापरण्याची प्रेरणा'. म्हणाली, "मावशी, तू रिटायर होईपर्यंत मुलांकडून कॉम्प्युटरवर काय काय करून घ्यायचीस. तुला ही प्रेरणा कुठून मिळाली ते सांग ना. मी तुझं उदाहरण देते."

मी म्हटलं, दोन दिवस दे, लिहूनच पाठवते. फोन ठेवला आणि विचार करायला लागले, तर लक्षात आलं की खरं उत्तर द्यायचं तर आधी बारा वर्षांची एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर घरातही धड कुणाला सांगितलेली नाही. इतिहास शिकवण्यात पस्तीस वर्षं गेली, तेव्हा सनावळी सोडून सरळ चुकीवर येणं काही मला जमायचं नाही. जरा मागून सुरुवात करते. सांभाळून घ्या.

वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे पडदा, प्रोजेक्टर, टॅबलेट येतात. पण खडू-फळा हेसुद्धा कधीकाळी नवं यंत्रच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिनबर्गमध्ये जेम्स पिलन्स नावाचे शिक्षक होते. भूगोल शिकवायला ते भिंतीवर मोठा फळा टांगून रंगीत खडू वापरत, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. त्याआधी मुलांच्या हातात पाटी असे, पण सगळ्या वर्गाला एकदम दिसेल अशी पाटी नसे. आणि पाटीच्याही आधी आपल्याकडे होती धूळपाटी. लाकडी फळीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. माझे वडील धूळपाटीवर शिकलेले. ते म्हणायचे, "आमची पाटी कधी फुटली नाही आणि तिला कधी पैसेही पडले नाहीत."

या धूळपाटीची एक गोष्ट मला फार आवडते. मद्रासमध्ये एग्मोर इथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा होती. १७८९ पासून तिचा प्रमुख होता अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याला तिथल्या स्थानिक मुलांची एक शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटानं अक्षरं काढत होती. बेलनं ते पाहिलं आणि ठरवलं की आपल्या शाळेतही हे करायचं. खालच्या वर्गाच्या शिक्षकाला त्यानं तसं सांगितलं, पण तो काही तयार होईना. हे आपल्याकडे जमणार नाही, असं त्याचं म्हणणं.

मग बेलनं काय करावं? त्यानं वरच्या वर्गातल्या एका आठ वर्षांच्या मुलाला बोलावलं. जॉन फ्रिस्केन त्याचं नाव. एका साध्या शिपायाचा मुलगा. बेलनं त्याला सांगितलं की आता या लहान मुलांना तू शिकव. शिक्षकाला जे जमणार नव्हतं ते त्या पोरानं करून दाखवलं. तिथून 'मुलांनी मुलांना शिकवायचं' ही पद्धत बेलनं सगळ्या शाळेत आणली. १७९६ मध्ये तो मायदेशी परतला आणि १७९७ मध्ये लंडनला त्यानं या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. जोसेफ लँकेस्टर नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकानंही लंडनमध्ये अशीच शाळा चालवली होती, तिच्यातही वाळूची टेबलं होती. पुढे ही पद्धत देशोदेशी गेली. १८३२ मध्ये बेल वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पुरलं. कुठली मद्रासची वाळू आणि कुठलं वेस्टमिन्स्टर!

पण इतिहासाच्या शिक्षकानं गोष्ट अर्ध्यावर सोडू नये. या पद्धतीचं पुढे काय झालं? लोकांना तिच्यातला स्वस्तपणा तेवढा आवडला. एक मास्तर आणि शेकडो मुलं, बाकी काम मॉनिटर करणार. घंटेवर उठायचं, घंटेवर बसायचं. शाळेचा कारखाना झाला. तेव्हा मुलांच्या हाती काम देणं वेगळं, आणि मुलांना कामाला जुंपून शिक्षकाचा पगार वाचवणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे एकामागून एक यंत्रांची वरात आहे. सिनेमा आला तेव्हा, १९१३ मध्ये, खुद्द एडिसनसाहेबांनी भाकीत केलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पार पालटेल. पुस्तकं कुठेही गेली नाहीत. मग रेडिओ आला, मग टीव्ही. अमेरिकेत लॅरी क्यूबन नावाचे गृहस्थ आहेत. पूर्वी शाळेत इतिहासच शिकवायचे, पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. १९८६ मध्ये त्यांनी शिक्षक आणि यंत्रं यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की दर वेळी तेच होतं. आधी मोठा गाजावाजा, मग पाहण्या, मग निराशा, आणि शेवटी खापर शिक्षकाच्या माथी. यंत्र घेताना मात्र शिक्षकाला कुणी विचारलेलं नसतं. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण त्यात माझी सुटका होती. आज तितकंसं बरं वाटत नाही. का ते सांगते.

मी १९७३ मध्ये नोकरीला लागले. मराठी माध्यमातून बी.ए., मग बी.एड. शाळा तालुक्याच्या गावापासून आत, ऊस आणि ज्वारीच्या मुलखात. इतिहास-भूगोल आणि मराठी हे माझे विषय. भिंतीवर महाराष्ट्राचा एक नकाशा, त्याचा कोकणाचा भाग वाळवीनं खाल्लेला. मुलांना मी सांगायची, "इथे कोकण आहे असं समजा."

१९७५ मध्ये पेपरात 'साइट'ची बातमी आली. उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही! अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी आपल्याला वापरायला मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसल्या जाळीच्या दहा-दहा फुटी छत्र्या आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवल्या होत्या. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत टीव्ही बॅटरीवर चालवला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. स्वप्न विक्रम साराभाईंचं, पण ते १९७१ च्या डिसेंबरात गेले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात बसून हे काम पुढे नेलं ते प्रा. यशपाल यांनी. त्याच टीव्हीवरून सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं.

सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मला अक्षरशः हेवा वाटला होता. आपल्या वर्गात असं काही आलं तर आपण काय काय करू, याचे मनात मांडे खात होते. पंचवीस वर्षांची होते, दुसरं काय!

पुढच्याच वर्षी आम्हा शिक्षकांची सहल डहाणूकडे गेली, तेव्हा कोसबादच्या टेकडीवर जायचा योग आला. ताराबाई मोडक तोपर्यंत गेल्या होत्या (१९७३), पण अनुताई वाघ होत्या. त्यांना लांबूनच नमस्कार केला, बोलायचा काही धीर झाला नाही. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीची साधनं सुरेख, पण महाग. ती आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? म्हणून मग बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, माती. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला गेलेल्या मुलांमागे कुरणात जायचं, ती कुरणशाळा. मला तिथली एक टोपली आठवते. चिंचोके, गुंजा, सागरगोटे, सगळं तीत. कुणीही मूल यायचं, मूठभर घ्यायचं, मोजायचं, मांडायचं, परत ठेवायचं. टोपलीला झाकण नव्हतं.

मी ते पाहिलं. परतीच्या एस.टी.त भारावून बोलतही होते. म्हणजे प्रेरणा म्हणतात ती मला १९७६ मध्येच मिळाली होती. आता पुढे काय झालं ते ऐका.

१९८३ मध्ये आपला इन्सॅट-१ बी वर गेला. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, आणि मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार होऊन दूरदर्शनवर येऊ लागले. १९८७ मध्ये आमच्या गावानं लोकवर्गणी काढून शाळेला रंगीत टीव्ही घेतला. वाजतगाजत आणला. नारळ फोडला, पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "बाई, तुम्हाला यातली आवड आहे. चार्ज तुमच्याकडे." मला कोण आनंद!

शाळेत नोकरी केलेल्यांना 'चार्ज' या शब्दाचं वजन माहीत आहे. वस्तू आली की तिची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते. अनुक्रमांक पडतो. वस्तू हरवली किंवा मोडली तर ज्याच्याकडे चार्ज त्याच्याकडून वसुली. डेडस्टॉक! जिवंत मुलांसाठी आणलेली वस्तू पहिल्या दिवशीच मेलेल्या मालात जमा. तेव्हा मात्र हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी एक लोखंडी कपाट मागून घेतलं, त्यात टीव्ही ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. शिवाय एक नोंदवही घातली. तारीख, इयत्ता, कार्यक्रम, सही. अक्षर माझं चांगलं.

मुलं विचारायची, "बाई, टीव्ही कधी?" मी म्हणायची, "उद्या." कधी वीज नसायची. वीज असली तर कार्यक्रमाची वेळ आणि आमचं वेळापत्रक जुळायचं नाही. वेळ जुळली तर पोर्शन मागे पडलेला असायचा. अँटेना वाऱ्यानं फिरलेला असायचा. एक ना दोन, शंभर कारणं, आणि सगळी खरी. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक होतं ते मी कुणाला बोलले नाही. मला भीती वाटायची. पोरांचा हात लागला, काच फुटली, तर? तेव्हाच्या पगारात टीव्ही भरून देणं म्हणजे वर्षाची बचत गेली असती.

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्र सरकारनं १९८७ मध्ये 'खडू-फळा' योजना आणली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञानाचं साहित्य. योजना उत्तम होती. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. त्यांच्याकडेही पेट्या आल्या. तपासणीला साहेब आले की पेटी उघडायची, वस्तू मोजायच्या, पुसायच्या, पेटी बंद. पृथ्वीचा गोल प्लॅस्टिकच्या पिशवीत. ह्यांना मी एकदा चिडवलं, "तुमची पृथ्वी गुदमरली असेल हो." त्यावर हे म्हणाले, "आणि तुमचा टीव्ही?" मी विषय बदलला.

१९९९ मध्ये टीव्हीचं निर्लेखन झालं. म्हणजे डेडस्टॉकमधून नाव कमी करायचं आणि भंगारात काढायचं. कपाट उघडून सेट बाहेर काढला. मागचं झाकण काढलं तर आत उंदरांचं घरटं! वायरी खाऊन फस्त, त्यात आमच्याच चाचणी परीक्षेच्या पेपरचे कपटे. काच मात्र अगदी नवीकोरी, एक ओरखडा नाही. निर्लेखनाच्या कागदांना वापराचा तपशील जोडायचा होता म्हणून मी नोंदवही काढली. सगळ्या नोंदी मिळून किती? अकरा. बारा वर्षांत अकरा. त्यांतल्या तीन २६ जानेवारीच्या संचलनाच्या, तीन क्रिकेटच्या (इयत्तेच्या रकान्यात 'कर्मचारी' असं माझ्याच सुवाच्य अक्षरात), आणि वर्गाच्या पाच. सगळ्यांखाली माझी सही.

रात्री झोप लागली नाही. मी हिशेब मांडत होते. बारा वर्षं, दर वर्षी दहावीची एक बॅच बाहेर पडलेली. ज्या गावानं ऊसबिलातून पैसे काढून टीव्ही घेतला, त्याच गावची ही मुलं. कितीतरी जणांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता, बर्फ पाहिलेला नव्हता. मी त्यांना म्हणत राहिले, "असं समजा." आणि समुद्र दाखवू शकणारी पेटी दहा पावलांवर कुलपात होती. त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, सरकारच्या किंवा साहेबांच्या खिशात नव्हती. अँड्र्यू बेलच्या शाळेतला 'जमणार नाही' म्हणणारा तो शिक्षक दुसरा तिसरा कुणी नसून मीच होते. कोसबादला टोपली पाहून आलेली मी!

त्याच सुमारास पेपरात एक बातमी वाचली. दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी आपल्या ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून त्यात कॉम्प्युटर बसवला होता, बाहेरच्या बाजूला झोपडपट्टी. जानेवारी १९९९ ची गोष्ट. शिकवायला कुणी नाही. पोरं जमली, हात लावला, एकमेकांना विचारत शिकली. पुढे असे कॉम्प्युटर इतरही ठिकाणी लागले, आपल्या सिंधुदुर्गातसुद्धा. मित्रांच्या सगळ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही. शिक्षकाची गरजच नाही असं कुणी त्यातून काढू लागलं तर ती बेलच्या पद्धतीची जुनीच गत. गंमत म्हणजे पुढे २००९ च्या सुमारास स्वतः मित्रांनीच इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षिकांना, आजीबायांना, स्काइपवरून मुलांशी बोलायला बसवलं. शिकवायचं नाही, फक्त 'अरे वा, हे कसं केलंस?' असं कौतुकानं विचारायचं. म्हणजे शेवटी आजी लागलीच ना! असो. पण त्या दिवशी मला बातमीतली एकच गोष्ट लागली. त्या कॉम्प्युटरला कपाट नव्हतं.

२००० मध्ये आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं मुंबईहून शाळेला एक कॉम्प्युटर पाठवला. पुन्हा नारळ, पुन्हा पेढे, आणि पुन्हा चार्ज माझ्याकडे. पन्नाशी आलेली. या वेळी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, खोलीला कुलूप असू द्या, पण किल्ली नववीच्या मुलींकडे राहील, पाळीपाळीनं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बाई, जबाबदारी?" मी म्हटलं, "माझी. लिहून देते." आणि खरंच लिहून दिलं.

मला स्वतःला काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी माऊस हातात घेतला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे धरला. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, उचलायचा नाही, सरकवायचा." तिच्या काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात तिनं पाहिलेलं. त्या क्षणी वर्गात जे हसू फुटलं ना, ते माझं खरं प्रशिक्षण! आठवड्याभरात ती मला शिकवत होती आणि मी तिला विचारत होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मुलीसमोर 'मला येत नाही गं' असं मी पहिल्यांदाच म्हटलं.

सगळं गोडगोड झालं असं नाही. तेव्हाच्या माऊसच्या पोटात एक रबरी गोळी असायची. ती गोळी तीनदा चोरीला गेली. पोरांना गोट्या खेळायला मिळाली, दुसरं काय! कीबोर्डवर एकदा डबा सांडला. तपासणीत हे निघालं आणि मला लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा दिला, पैसे भरले. रक्कम फार नव्हती. बारा वर्षं जिला भ्याले ती गोष्ट शेवटी घडली, आणि पाहिलं तर ती एका साडीच्या किमतीएवढी होती.

त्या कॉम्प्युटरवर मुलांनी काय केलं? दोन वर्षं चित्रं काढली, खेळ खेळले. मग मी एक काम दिलं. आपल्या आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं आणि ते टाइप करायचं. मुलांनी विचारलं. खडी फोडायला गेलेली आजी, लाल मिलोची भाकरी, सुकडी, छावणीत बांधलेली आणि परत न आलेली बैलजोडी. तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे दिव्य. फॉन्ट दुसऱ्या मशीनवर उघडला की सगळी अक्षरं चौकोन. तरी वीस पानं झाली. तालुक्याला जाऊन छापून आणली. गावात वाचून दाखवली तेव्हा एक आजोबा आपलंच बोलणं कागदावर ऐकून उठून उभे राहिले. वर्गात 'असं समजा' म्हणणारी मी त्या दिवशी गप्प बसून ऐकत होते. मला पुढे एक-दोन सत्कार वगैरे मिळाले, पण त्या वीस पानांएवढं मोल कशालाच नाही.

२००८ मध्ये मी निवृत्त झाले. त्यानंतर जग कुठच्या कुठे गेलं. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, वाईट वाटलं. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. त्याची सुरुवात करणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी होते. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांचं कौतुक कशाचं? कोड काही त्यांनी शोधलेला नव्हता, तो दुकानातल्या वस्तूंवरही असतो. त्यांनी तो मुलाच्या पुस्तकावर आणला. पुस्तक मुलाच्या दप्तरात असतं. दप्तराला कुलूप नसतं. त्याच २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद झाल्या, तेव्हा सोलापूरच्याच निलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले. ज्यांच्या घरात मोबाइल नव्हता ती मुलं भिंतीपुढे उभी राहून वाचत होती. भिंत हे काही नवं तंत्रज्ञान नाही. पण ती रस्त्यावर होती, आणि रस्ता मुलांचा होता.

तर बाळ, हे तुझ्या वीस मिनिटांसाठी. तू विचारलंस प्रेरणा कुठून मिळाली. प्रेरणा मिळायला वेळ लागत नाही गं. मला ती कोसबादला एका दुपारी मिळाली होती आणि तरी पुढची तेवीस वर्षं काही झालं नाही. प्रेरणा असूनही माणूस कुलूप लावतं, कारण भीती प्रेरणेपेक्षा जवळ असते. मला बदललं ते त्या उंदरांच्या घरट्यानं, माझ्याच हातच्या अकरा नोंदींनी, आणि 'बाई, उचलायचा नाही' म्हणणाऱ्या त्या मुलीनं. तिथे जमलेल्या शिक्षकांना नवं अ‍ॅप कुठलं ते जरूर सांग. पण आधी एवढंच विचार, की तुमच्या शाळेतल्या कपाटात काय आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे? आणि वरच्या साहेबांनाही कुणीतरी सांगा, की मोडलेल्या वस्तूचा खुलासा मागता तसाच न मोडलेल्या वस्तूचाही मागा. बारा वर्षांत ओरखडा नाही, म्हणजे झालं काय?

हे सगळं मी काल रात्री तिला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "मावशी, आमच्याकडे दहा टॅबलेट आलेत. दीड वर्ष झालं. खोक्यातच आहेत. चार्ज माझ्याकडे आहे गं."

मी तिला काही बोलले नाही. बोलायचा मला काय अधिकार! एवढंच म्हटलं, "उद्या शाळा आहे ना?"

"आहे," म्हणाली.

मंडळी, तुमच्या शाळेतल्या कपाटात काय होतं? कधी न उघडलेली प्रयोगशाळा, न वाजलेला रेडिओ, न फिरलेला पृथ्वीचा गोल... आठवत असेल तर जरूर लिहा. शिक्षक असाल तर नोंदीही मोजा. आणि आमच्या नववीच्या त्या मुलींपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाईंना एक फोन कर गं.